डिफरन्शियल तेलबदल
ऑल-व्हील-ड्राइव्ह मोटारीच्या पुढील व मागील डिफरन्शियलांतील, तसेच ट्रान्सफर केसमधील (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीतील) जुने तेल सोडून नवे भरण्याची क्रिया.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. हा फरक डिफरन्शियल सांभाळतो. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. चीनमधील मा जून (इ. स. तिसरे शतक) याच्या दक्षिणदर्शक रथात (ज्यावरची मूर्ती रथ वळला तरी दक्षिणेकडेच बोट दाखवी) तो असावा, असे ब्रिटिश अभियंते जॉर्ज लँचेस्टर यांनी १९४७ मध्ये मांडले, परंतु मूळ रथ उपलब्ध नसून हा तर्क जुन्या वर्णनांवर उभा आहे. अँटिकिथेरा यंत्राबद्दल (ग्रहगती दाखवणारे प्राचीन ग्रीक दातेरी यंत्र) विज्ञान-इतिहासकार डेरेक द सोला प्राइस यांनी १९७४ मध्ये केलेला असाच दावा पुढील क्ष-किरण तपासण्यांनंतर मागे पडला. तेव्हा फ्रेंच यंत्रकार ओनेझिफोर पेकर यांच्या वाफेच्या गाडीपासून (१८२७–२८) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक.

तेलाचा खरा प्रश्न १९२० च्या दशकात हायपॉइड दात्यांबरोबर आला. यात पिनियन (फिरवणारे लहान दातेरी चाक) क्राउनच्या (फिरणाऱ्या मोठ्या चाकाच्या) मध्यरेषेखाली बसत असल्याने दाते एकमेकांवर जोराने घसरतात आणि साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून जी.एल.-५ (जी.एल. म्हणजे गिअर तेलाची कामगिरी-प्रत) तेलात गंधक-फॉस्फरसची संयुगे घालतात. जुन्या तेलाचा उग्र वास त्यांचाच. ती गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. नव्या मिश्रणांत हा दोष कमी झाल्याचे सांगतात. तरीही गिअरबॉक्सला पुस्तिकेत जी.एल.-४ सांगितले असेल, तर तेच भरावे.

गॅरेजात ‘नव्वद नंबर’ एवढेच मागतात. सोलापुरापुरते ते फारसे चुकीचे नाही: ७५डब्ल्यू-९० मधील ७५डब्ल्यू ही उणे ४० अंश सेल्सिअसवरील चाचणीची खूण आहे, तर ९० हा आकडा १०० अंशांवरील दाटपणा सांगतो. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावाला दुसरा आकडा पुरतो. मात्र या बोलीत जी.एल. गळून पडते, ते अडचणीचे.

कामात पहिला नियम असा, की खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते पाहावे. तो गंजून बसला असेल, तर तेल सोडलेली गाडी खड्ड्यावरच अडकते. गाडी सपाट हवी, तेल कोमट. ड्रेन प्लगच्या चुंबकावर चिकटलेला काळा लगदा नेहमीचा. त्यात दात्याचा टवका हाताला लागला, तर काम तेलापुरते राहत नाही. वायसर नवा घालून फिलरच्या भोकातून थेंब गळेपर्यंत तेल भरतात.

तेल ताकासारखे पांढुरके निघाल्यास आत पाणी गेले आहे. पावसाळ्यात भीमा-सीनाकाठच्या ओढ्यांतून तापलेली गाडी काढली, की हौसिंगमधील हवा आकसते आणि ब्रीदरवाटे (हवा ये-जा करण्याच्या नळीवाटे) किंवा सीलमधून पाणी ओढले जाते. अशा वेळी तेलबदलासाठी किलोमीटर मोजत बसू नये. एरवीची मुदत कंपनीगणिक वेगळी.

काही गाड्यांत मागच्या चाकांना गरजेपुरती ताकद जोडणारे, विजेवर चालणारे कपलिंग असते; त्याचे तेल निराळे असते. काढलेले तेल घातक कचऱ्यात मोडते; ते नाल्यात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियेला द्यावे लागते.