सिमेंटच्या घराला एक्स्पायरी डेट नसते

गेल्या महिन्यात पुण्याच्या एरंडवण्यातल्या एका सोसायटीच्या जनरल बॉडीला मित्राच्या आग्रहावरून जाऊन बसलो होतो. इमारत १९६८ सालची, तीन मजली. कोपऱ्यावर गोल वळलेल्या गॅलऱ्या, जिन्याला सिमेंटची जाळी, ठिपक्यांची मोझेक फरशी, जोत्याला काळा घडीव दगड. विषय रिडेव्हलपमेंटचा होता. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, आयुष्य पन्नास वर्षं. तुमची मुदत कधीच संपली." सगळ्यांनी माना डोलावल्या. ही मुदत घातली कोणी, असं एकानेही विचारलं नाही.

पन्नास हा आकडा अभियंते आराखडा करताना गृहीत धरतात. नेहमीची देखभाल ठेवली तर इमारतीने निदान इतकी वर्षं तरी काम द्यावं, एवढाच त्याचा अर्थ. तो औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा वाचायचा नसतो. काँक्रीट खरोखर कशाने म्हातारं होतं, ही गोष्ट फार सुंदर आहे, आणि ती माहीत असेल तर अशा सभेत माणूस वेगळे प्रश्न विचारतो.

काँक्रीटमधली सळई गंजत का नाही? सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, तयार होतो. त्यामुळे काँक्रीटचा पीएच १२.५च्या वर राहतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा बसतो आणि तोच सळईला सांभाळतो. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. भिंतीला लावलेला चुना हवेत घट्ट होतो, ती हीच क्रिया. याने काँक्रीट कमकुवत होत नाही, पण पीएच ९च्या खाली येतो. कार्बोनेट झालेला थर आणि आतलं शाबूत काँक्रीट यांच्यातली ही सीमारेषा सळईपर्यंत पोचली की तो पापुद्रा टिकत नाही. मग ओल मिळाली की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, आतून दाब येतो आणि छताचे पोपडे पडतात.

खरी गंमत वेगात आहे. विहीर खणताना पहिली टोपली लगेच वर येते. जसजसं खोल जावं तसतसा प्रत्येक टोपलीला जास्त वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. पुढच्या चुन्यापर्यंत पोचायला त्याला आधीच कार्बोनेट झालेला सगळा थर ओलांडावा लागतो. म्हणून या थराची खोली काळाच्या प्रमाणात वाढत नाही, काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: खोली (मिलिमीटरमध्ये) = क × √वर्षं. हा 'क' काँक्रीटच्या घट्टपणावर ठरतो. समजा सळईवर १५ मिलिमीटर काँक्रीट आहे. 'क' ४ असेल तर सीमारेषा १४ वर्षांत सळईला टेकते. तोच 'क' २ असेल तर ५६ वर्षांनी. आणि 'क' २ असताना आवरण ३० मिलिमीटरचं असेल तर २२५ वर्षं लागतात! आवरण दुप्पट, काळ चौपट. म्हणजे स्लॅब ओतताना सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे, नीट ठेवले का, आणि नंतर रोज पाणी मारलं का, यावर इमारतीचं वय ठरतं.

वर आणखी एक अट आहे. सीमारेषा सळईला पोचली तरी ओल नसेल तर गंज जवळपास थांबलेलाच असतो. दिवाणखान्याचं कोरडं छत कार्बोनेट होऊनही वर्षानुवर्षं धडधाकट राहतं, आणि बाथरूमखालचं छत मात्र आधी फुगतं.

मुंबईत याच्या जोडीला समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड असतं. ते पीएच चांगला असतानाही पापुद्रा जागोजागी फोडतं. पुण्याला ती पीडा नाही. तरी मुंबईच्या इमारतींची भीती आपण जशीच्या तशी उचलून आणतो, याची मला खंत वाटते.

त्याच सभेत एकाने तडे वास्तुदोषामुळे गेल्याचं सांगितलं, नैऋत्य कोपरा 'जड' नाही म्हणून. नैऋत्येचा संबंध आहे, पण तो पावसाचा आहे. आपला मोसमी पाऊस त्या बाजूने येतो, म्हणून पश्चिमेचे छज्जे आधी भिजतात आणि आधी सडतात. त्यावर उपाय पन्हळ दुरुस्त करण्याचा आहे, पिरॅमिड टांगण्याचा नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पेठांमधल्या कितीतरी कुटुंबांना नवी घरं शोधावी लागली. पुढच्या दोन दशकांत सहकारनगर, एरंडवणे, कोथरूड भरत गेलं. बालगंधर्व रंगमंदिरही १९६८चंच. वारसा म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो, विश्रामबागवाडा आठवतो. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. प्रभात रोडच्या गल्ल्यांमधल्या बंगल्यांकडे आणि उपनगरांतल्या या साध्या सोसायट्यांकडे तसं कोणी बघत नाही. भर उन्हाळ्यात त्या जिन्यात उभं राहा. जाळीतून वारा येतो, छज्जा ऊन अडवतो, पंख्याची गरज भासत नाही. ही बुद्धी त्या काळच्या आर्किटेक्टने कागदावर रेखलेली आहे.

सभेनंतर मित्राला म्हणालो, पाडायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी बघा तरी. अकरावीच्या टायट्रेशनमध्ये वापरतो ते फिनॉल्फ्थॅलिन एका बाटलीत घेतलं. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याने तीन ठिकाणी काँक्रीट ताजं फोडलं आणि त्यावर ते फवारलं. जिथे चुना शाबूत तिथे गडद गुलाबी, जिथे संपला तिथे काहीच रंग नाही.

तळमजल्याच्या कॉलमला काठावर ११ मिलिमीटरची राखाडी पट्टी आणि आत सगळं गुलाबी. सळई २५ मिलिमीटरवर. दुसऱ्या मजल्याच्या बीमला १३. पश्चिमेच्या छज्ज्याला रंगच आला नाही आणि सळई हाताने सोलली गेली. अभियंत्याने छज्ज्यावर खडूने फुली मारली. सेक्रेटरी मात्र कॉलमपाशीच उभे होते, त्या गुलाबी डागाचा मोबाइलवर फोटो काढत.