आव्हानात्मक वर्तन (विशेष गरजा असलेली मुले)

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या ज्या वागण्याने त्याला स्वतःला किंवा इतरांना इजा होते, किंवा ज्याच्या धास्तीने घरचे त्याला शाळेत, लग्नकार्यात, एसटीने गावाला न्यायचेच सोडून देतात, त्या वागण्याला आव्हानात्मक वर्तन म्हणतात. डोके आपटणे, हात चावून घेणे, ओरबाडणे, हाताला लागेल ते फेकणे, नजर चुकवून पळून जाणे, किंचाळत राहणे ही त्याची नेहमी दिसणारी रूपे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांत ते अधिक आढळते. मात्र ते त्या अवस्थेसोबत येणारच, त्याला इलाज नाही, हा समज चुकीचा आहे. पूर्वी याला ‘समस्या वर्तन’ म्हणत आणि समस्या मुलाच्या माथी मारली जाई. आताचा शब्द आव्हान मोठ्या माणसांपुढे ठेवतो.

मराठवाड्यातल्या खेड्यात असे लेकरू ‘हट्टी’ ठरते, ‘लाडानं बिघडलेलं’ ठरते, नाहीतर त्याला ‘बाहेरचं’ झालेले असते. बोल बहुतेक वेळा आईला लागतो. उतारा, अंगारा, देवऋषी यांत वर्षे जातात आणि शिकवण्याचे सर्वांत मोलाचे वय निघून जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

अशा वर्तनामागे जवळजवळ नेहमीच काहीतरी कारण असते. मुलाला कुणाचे लक्ष हवे असते, एखादी वस्तू हवी असते, नकोशा कामातून सुटायचे असते किंवा त्या हालचालीतूनच शरीराला काहीतरी मिळत असते. वागणे एकच असले तरी दोन मुलांत त्याचे कारण निराळे असू शकते. वर्गात पाटी फेकणाऱ्या एका मुलाला गुरुजींनी जवळ यावे असे वाटते, तर दुसऱ्याला अवघड वाटणारे लिखाण टाळायचे असते. दोघांनाही वर्गाबाहेर उभे केले, तर दुसऱ्याला हवे तेच मिळते आणि उद्या पाटी पुन्हा फेकली जाते. म्हणून ‘असं वागल्यावर काय करायचं?’ याआधी ‘हे कशासाठी चाललंय?’ हे विचारावे लागते.

त्याहूनही आधी दुखणे तपासायचे. ज्याला बोलता येत नाही त्याला ‘दाढ दुखते’ हे सांगता येत नाही. असे मूल गालावर मारून घेते. कान फुटणे, बद्धकोष्ठता, पोटातले जंत, अपुरी झोप, फिट, चालू औषधाचा त्रास या गोष्टी डॉक्टरांकडून पाहून घ्याव्यात. शांत असलेले मूल अचानक बिघडले तर हे पहिल्याच दिवशी करावे. हा मुद्दा घरी आणि शाळेत सर्वांत जास्त सुटतो, म्हणून तो इथे ठासून सांगितला आहे.

कारण शोधण्याची रीत साधी आहे. एका वहीत तीन रकाने आखायचे : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. आठ-पंधरा दिवस वेळेसकट नोंदी ठेवल्या की ठरावीक साचा दिसू लागतो. समजा, रोज दिवेलागणीला किंचाळणे सुरू होते. नोंदीत दिसते की आई तेव्हा भाकरी थापत असते, तिचे लक्ष नसते आणि किंचाळल्यावर हातात मोबाइल मिळतो. मग त्या वेळेआधीच खाऊ देणे, चुलीपासून सुरक्षित अंतरावर बसवून निवडायला शेंगा देणे, मोबाइल मागण्यासाठी खूण शिकवणे असे उपाय सुचतात. लिहिता न येणाऱ्या आईनेही खडूच्या रेघा ओढून वेळा मोजाव्यात. अशा नोंदींसाठी भारतीय मुलांकरिता तयार केलेली मापनश्रेणीही आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने (स्थापना १९८४) १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या श्रेणीच्या दुसऱ्या भागात समस्या वर्तनाच्या ७५ बाबी १० गटांत मांडल्या आहेत.

खरा उपाय आहे पर्यायी संवाद शिकवणे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की लक्ष किंवा मदत मागण्याची सोपी वाक्ये शिकवल्यावर मुलांचे त्रासदायक वर्तन कमी होते. शब्द नसतील तर चित्र, हाताची खूण, बोटाने दाखवणे चालते. ‘पाणी’, ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’ एवढे चार निरोप देता आले तरी घराचा दिवस बदलतो. नवी खूण जुन्या किंचाळण्यापेक्षा लवकर फळली पाहिजे. सुरुवातीला प्रत्येक वेळी लगेच प्रतिसाद द्यावा. किंचाळण्याला प्रतिसाद देणे बंद केले की ते आधी वाढते आणि मग ओसरते. नेमके वाढलेल्या वेळी घरचे हात टेकतात, आणि मूल शिकते की जास्त ओरडले की मिळते. म्हणून आजी-आजोबांसह सगळ्या घराने एकाच पद्धतीने वागायचे आधी ठरवावे. स्वतःला इजा करणाऱ्या वागण्याकडे मात्र कधीही नुसते दुर्लक्ष करू नये. डोक्याखाली हात किंवा उशी घालावी आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मूल संतापाने पेटलेले असताना समजावणे, ओरडणे, चारचौघांत धरून ठेवणे याने ते अधिकच पेटते. कमी बोलावे, गर्दी हटवावी.

बीड, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न जास्त बिकट होतो. ठरलेल्या दिनक्रमावर तगणारे मूल एकाएकी उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) येते. शाळा, उपचार, ओळखीची माणसे सुटतात. मागे ठेवले तर थकलेल्या आजीवर भार पडतो. आई-बाप वावरात गेल्यावर मुलाला खांबाला बांधून ठेवण्याची वेळही काही घरांत येते. त्या घराला दोष देण्यापेक्षा मूल दिवसभर सांभाळणारी जागा गावात उभी करणे जास्त गरजेचे आहे. जाताना ओळखीची गोधडी, ताट आणि चित्रांचे कार्ड बरोबर न्यावे, निघण्याआधी काही दिवस ‘आपण जाणार’ हे चित्राने दाखवावे. लग्नसराईतला डीजे, एप्रिल-मेचा उकाडा, खंडित वीज यांचाही अशा मुलांना इतरांपेक्षा अधिक त्रास होतो.

मदतीची पहिली पायरी म्हणजे अंगणवाडी आणि शाळा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके तिथे जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून भेटतात. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे.

१९९५ च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. वागणे कसेही असले तरी ही मनाई लागू राहते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो.