पोर्च : बांधकाम परवानगी (नाशिक)

घराच्या दारापुढे माणसांना किंवा वाहनाला उभे राहण्यासाठी केलेला, बाजूंनी उघडा पण वर छत असलेला भाग. वाड्याच्या ओट्या-ओसरीतून तो आला, असे एक मत आहे. परंतु ओसरी घराच्या मूळ चौकटीत बसते, पोर्च तिच्याबाहेर येतो. त्यामुळे त्याचे मूळ बहुधा एकोणिसाव्या शतकातील बंगल्यांच्या, घोडागाडी थांबवायच्या छतात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

नाशिक महानगरपालिकेच्या (स्थापना 1982) हद्दीत परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली, डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मिळते. देवळाली छावणीच्या हद्दीत छावणी मंडळ हे काम पाहते.

कळीचा प्रश्न सामासिक अंतराचा, म्हणजे भूखंडाची हद्द व इमारत यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेचा (मार्जिनचा). मुख्य दारावरील छत 5 मी. लांब व 2.5 मी. रुंद या मर्यादेत, खांबांशिवाय पुढे काढलेले (कँटिलिव्हर) आणि बाजूंनी उघडे असेल, तर ते मार्जिनमध्ये चालते. तुळईच्या तळाखाली 2.4 मी. मोकळी उंची हवी, वरच्या मजल्यावरून त्यावर जाता येऊ नये आणि भूखंडाच्या हद्दीपासून 1.5 मी. अंतर सुटले पाहिजे. ही शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. पुढचे मार्जिन 3 मी. असेल, तर छत प्रत्यक्षात 1.5 मी.च काढता येते, 2.5 मी.साठी मार्जिन 4 मी. हवे. मार्जिनमध्ये खांब दिले की सवलत सुटते. मार्जिन पूर्ण सोडून इमारतीच्या बाजूला केलेल्या, खांबांवरच्या पोर्चबद्दल मात्र दोन वाचने आढळतात : एका मते तो वाहनतळ म्हणून एफएसआयबाहेर (एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम), दुसऱ्या मते खांबांच्या बाह्यरेषेतले सर्व क्षेत्र मोजायचे. शिल्लक एफएसआय दाखवूनच नकाशा करणे सुरक्षित.

अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन होतो. मालकीचा उतारा, मोजणी नकाशा, पूर्वीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व संरचना अभियंत्याचा दाखला लागतो. प्रस्तावित भाग मंजूर नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवतात. जुने बांधकामच नकाशाशी जुळत नसेल, तर प्रस्ताव तेथेच अडतो. 1966 च्या अधिनियमाच्या कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानीव ठरते, म्हणजे मिळाली असे धरले जाते, पण प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच. नकाराविरुद्ध 40 दिवसांत अपील करता येते. परवानगी एक वर्ष चालते, पुढे मुदतवाढ मिळते. विनापरवाना बांधकामास कलम 53 खाली काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते.

बांधकामातील नेहमीची चूक जुन्या छज्ज्याला सळया डकवून स्लॅब लांबवण्याची. कँटिलिव्हरचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया वर हव्यात आणि आत तुळईत किंवा स्लॅबमध्ये पुरेशा रुतलेल्या हव्यात. काँक्रीट ओतताना त्या तुडवल्या जाऊन खाली बसल्या, तर स्लॅब भिंतीलगत तडकतो. पाण्याचा उतार बाहेरच्या कडेकडे, साधारण 100 ला 1, द्यावा.

गोदावरीच्या निळ्या व लाल पूररेषांतील (पुराच्या पाण्याची हद्द दाखवणाऱ्या नकाशावरील रेषा) भूखंडांवर वेगळे निर्बंध आहेत.