‘गेट’ला इतके अर्थ आले कुठून?

मिळणे, पोहोचणे, होणे अशा कितीतरी अर्थांनी येणारे ‘गेट’ (get) हे क्रियापद इंग्रजीत बाहेरून आलेले आहे. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्थायिक झाले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतले ‘गेटा’, म्हणजे मिळवणे, १२००च्या सुमारास इंग्रजी लिखाणात दिसू लागते. जुन्या इंग्रजीत याच कुळातला एक धातू होता, पण तो उपसर्गाशिवाय सहसा येत नसे. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ ही त्याचीच रूपे. त्यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’सारखा होई, आजचा कडक ‘ग’ नॉर्सच्या प्रभावामुळे आला.

मिळवण्यावरून पोहोचण्यावर हा शब्द लवकरच गेला, कारण जागाही मिळवता येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो विशेषणाला जोडून ‘होणे’ या अर्थी येऊ लागला : ‘गेट टायर्ड’, ‘गेट ओल्ड’. वस्तू असो, ठिकाण असो की अवस्था, आधी नव्हते आणि आता आहे, हा बदल सगळीकडे समान. अर्थ ठरतो तो पुढच्या शब्दावरून.

खरी गंमत कर्मणी प्रयोगात आहे. जुन्या इंग्रजीत कर्मणीसाठी ‘असणे’ आणि ‘होणे’ अशी दोन सहायक क्रियापदे होती. त्यातले ‘होणे’वाले मध्ययुगात लोपले आणि सगळा भार ‘बी’वर, म्हणजे ‘असणे’वर, पडला. परिणामी ‘दे वेअर मॅरिड’ म्हणजे लग्न झाले, की ते आधीपासूनच विवाहित होते, हे संदर्भाशिवाय कळेना. सतराव्या शतकापासून ‘गेट’ने ही जागा भरली : ‘दे गॉट मॅरिड’ ही फक्त घटना. म्हणूनच जिथे काही घडत नाही, नुसती स्थिती असते, तिथे हा प्रयोग अडतो. ‘द आन्सर वॉज नोन’ चालते, ‘गॉट नोन’ नाही.

व्याकरणकारांना ही सरमिसळ खुपली. १७८९ साली फिलिप विदर्स यांनी घोड्यावर बसणे, पत्र मिळणे, कँटरबरीला पोहोचणे, अशा प्रत्येक क्रियेला ‘गॉट’ लावून एक उतारा रचला आणि या सवयीची टर उडवली. निबंधात ‘गेट’ टाळा, हा सल्ला अजून दिला जातो. औपचारिक लेखनापुरता तो ठीक, बोलण्यात मात्र कृत्रिम वाटतो.

शिकणाऱ्यांची चूक बहुधा दोन ठिकाणी होते. ‘गेट टू द स्टेशन’मध्ये ‘टू’ हवा, पण ‘गेट होम’मध्ये नको. दुसऱ्याकडून काम करवून घेताना ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणतात. शिकणाऱ्यांकडून इथला ‘टू’ चुकून गळतो, कारण ‘आय हॅड हिम साइन’मध्ये तो नसतो.

भूतकाळी धातुसाधिताचे जुने ‘गॉटन’ हे रूप ब्रिटनमध्ये मागे पडले, अमेरिकेत टिकले. तिथे ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली.