भरमार, धुरा अन् 1878 चा कायदा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या गावचे एक काका आपली भरमार (ठासणीची बंदूक) पोत्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायला नेतात अन् निकाल लागला की परत आणतात. नळीत बारूद टाकायची, गजाने ठासायची, एक बार काढला की पुढच्या बाराला एवढा वेळ लागतो की तवर रानडुकरं शेजारच्या वावरात. तरी लायसन पाहिजेच.

बंदुकीचे कायदे कडक केले तर खून कमी होतात का, हा वाद टीव्हीवर अमेरिकेचा म्हणून चालतो, पण आपला कायदा खून थांबवायला आलाच नव्हता. 1857 ने इंग्रज हादरले अन् 1878 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात आर्म्स ॲक्ट आला, लायसनशिवाय हत्यार ठेवायचं नाही, गोऱ्यांना मात्र सूट (अजून काय असणार). मग 1959 चा आपला कायदा, लायसन तसंच राहिलं पण कास्तकाराला पीक राखायला भरमारचं लायसन मागायची सोय त्यात आहे. 2019 मध्ये एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका झाल्या, बेकायदा हत्याराची शिक्षाही वाढली.

आता खुनांचं बघा. 1992 च्या सुमारास देशात लाखामागे साडेचार खून होत, 2022 मध्ये 2.1, अन् मधली बहुतेक वर्षं कायदा तोच 1959 चा, मग ही घट कायद्याच्या खात्यावर कशी टाकायची? गोळीने होणाऱ्या खुनांतही बहुतेक ठिकाणी बिनलायसनचा देशी कट्टा निघतो, तो काय ठाण्यात जमा होतो का.

बाहेरचं चित्र जरा वेगळं. ऑस्ट्रेलियात 1996 ला पोर्ट आर्थरमध्ये गोळीबारात 35 माणसं मेली, सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या, गोळीचे खून कमी झाले पण ते आधीपासूनच उतरत होते म्हणून अभ्यासक अजून भांडतात. अमेरिकेच्या मिझुरी राज्याने 2007 मध्ये पिस्तूल घ्यायला लागणाऱ्या परमिटची अट काढली, तिथे नंतर गोळीचे खून वाढल्याचं अभ्यासात दिसलं, मला हा पुरावा जास्त वजनदार वाटतो.

इकडे मात्र भांडण धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) अन् हाताशी कुऱ्हाड नाहीतर काठी. काकांच्या भावकीत दोनदा डोकी फुटली, दोन्ही वेळा भरमार आतल्या खोलीत खुंटीलाच होती. विचारलं तर काका म्हणतात, "ठासाले टाइम कोनाले होता?"