धुक्यातली धावपट्टी

16 डिसेंबर 1943 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची सुमारे 480 लँकेस्टर विमाने बर्लिनवर बाँबफेक करण्यासाठी निघाली. त्यांपैकी 25 शत्रूच्या माऱ्यामुळे परतलीच नाहीत. पण जवळजवळ तितकीच, किंबहुना थोडी अधिकच, इंग्लंडात पोहोचल्यावर नष्ट झाली, कारण तळांवर धुके आणि जमिनीला टेकलेले ढग पसरले होते. केंब्रिजजवळच्या बोर्न तळावरील 97 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला याची सर्वाधिक झळ बसली.

वैमानिकापुढे उंचीमापक होता. मात्र हे उपकरण उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजून तिचा अंदाज देते. समुद्रसपाटीजवळ 1 मिलिबारचा फरक म्हणजे सुमारे 8 मीटर. उड्डाणानंतर तळावरील दाब 5 मिलिबारने घटला आणि काटा नव्याने जुळवला नाही, तर तो खऱ्यापेक्षा 40 मीटर अधिक उंची दाखवतो. अंधारात, इंधन संपत आलेले असताना, एवढी चूक झाडांच्या शेंड्यांवर आदळायला पुरते.

यावरचा उपाय अक्षरशः आगीचा होता. ‘फिडो’ या योजनेत धावपट्टीच्या दोन्ही कडांना भोके पाडलेले नळ टाकून त्यांतून पेट्रोल जाळत. वास्तविक एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे धुक्यात भरच! तरीही हिशेब जुळतो. 5 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 6.8 ग्रॅम बाष्प मावते, 10 अंशांना 9.4 ग्रॅम, आणि तेवढ्याच हवेतील धुक्याचे थेंब एकत्र केले तर बहुधा अर्धा ग्रॅमही भरत नाहीत. हवा पाच अंशांनी तापली की ते विरून जातात. अडचण वेगळीच होती: तापलेली हवा वर जाते आणि बाजूचे गार धुके तिच्या जागी घुसते, त्यामुळे तासागणिक लाखो लिटर पेट्रोल जाळावे लागे.

त्या डिसेंबरात ही सोय मोजक्याच तळांवर होती. पुढे इंग्लंडातील 15 तळांवर ती झाली आणि सुमारे 2500 विमाने तिच्या आधारे उतरली. उतरणेही सुखाचे नव्हते. ज्वाळांवरून उठणारा गरम झोत नेमका चाके टेकण्याच्या क्षणी विमानाला वर उचली.