मेलाटोनिनने ‘ग्रोथ’ वाढतं, ही गोष्ट आली कुठून?

परळच्या एका जिममध्ये रात्री साडेदहाला डंबेल जागेवर ठेवता ठेवता एक जण दुसऱ्याला सांगतो, "झोपताना मेलाटोनिन घे, जीएच वाढतं." जीएच म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, वाढीचं संप्रेरक. मेलाटोनिन हे शरीरात रात्री चढणारं, झोपेशी जोडलं जाणारं दुसरं संप्रेरक. बाकावर डबी, तिच्यावर ‘५ मिलिग्रॅम’ असं ठळक छापलेलं. ही निव्वळ थाप नाही. पण जिममध्ये येईपर्यंत या गोष्टीचे बरेच तपशील वाटेत गळालेत.

मुळात मेलाटोनिन सापडलं ते झोपेच्या शोधात नव्हे. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी बेडकाच्या पिल्लांना गाईच्या मेंदूतली पीनियल ग्रंथी (मेलाटोनिन इथेच तयार होतं) दिली, तर त्यांची कातडी फिकट पडली. तोच धागा धरून येलचे त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर कोडावर काही मिळतं का ते पाहत होते. १९५८ मध्ये त्यांनी हे द्रव्य वेगळं केलं. कोडाला उपयोग झाला नाही, नाव तेवढं राहिलं.

वाढीच्या संप्रेरकाची अडचण वेगळीच. रक्तात ते इतकं थोडं की मोजायचं कसं? यॅलो आणि बर्सन यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीने १९६०च्या दशकात ते जमलं. मग १९६८ मध्ये ताकाहाशी, किपनिस आणि डॉघडे यांनी निरोगी माणसांना शिरेत नळी लावून झोपवलं आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. झोप लागली, गाढ झाली, की संप्रेरकाची मोठी लाट. झोपायला उशीर केला, तर लाटही तेवढीच उशिरा.

इथेच गफलत होते. मेलाटोनिनही रात्री चढतं, म्हणून दोघांची जोडी लावली जाते. पण मेलाटोनिन शरीराच्या घड्याळाचं ऐकतं आणि प्रखर उजेडात दबतं. लुई आणि सहकाऱ्यांनी हे १९८० मध्ये माणसांत दाखवलं. वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाट प्रामुख्याने झोपेशी बांधलेली. मालाडला रात्रपाळी करून सकाळी आठला अंथरुणावर पडणाऱ्याला ती लाट दिवसाही मिळू शकते. मेलाटोनिन मात्र तेव्हा उतरणीला लागलेलं असतं.

मग गोळीने काय होतं? १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्माइथ आणि लाझारस यांनी निरोगी लोकांना मेलाटोनिन दिलं, तर वाढीचं संप्रेरक वाढलं. त्याच वर्षी त्यांच्याच दुसऱ्या निबंधात मात्र, इन्सुलिनने साखर उतरवल्यावर एरवी या संप्रेरकाची जी उसळी येते, ती मेलाटोनिनने दबलेली दिसली. दोन्ही बरोबर! १९९३ मध्ये इटलीतल्या वाल्कावी यांच्या गटाने १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. मूळ पातळी वाढली, शिवाय वाढीचं संप्रेरक सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला उत्तेजन देणाऱ्या द्रव्याचा परिणामही जास्त दिसला. त्यांचा कयास असा, की मेलाटोनिन ॲक्सिलरेटर दाबत नाही. सोमॅटोस्टॅटिन नावाचा ब्रेक सैल करतं. माझ्या मते या सगळ्यात खरी रंगत इथे आहे.

जिमचा संबंध त्यानंतरचा. १९९९ मध्ये निरोगी पुरुषांनी व्यायामाआधी मेलाटोनिन घेतलं, तेव्हा व्यायामाने या संप्रेरकात होणारी वाढ आणखी ठळक झाली. डबीवाल्याचं बोलणं तिथवर खरं. फक्त या प्रयोगांत माणसं मोजकी होती आणि मोजमाप काही तासांचं. महिनोन्‌महिने गोळी घेऊन दंड भरले, असं त्यांत कुणी मोजलेलंच नव्हतं.